आमची वाटचाल : सोळा किलोडाल्टनचा बँड

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर सुरुवातीला थर्माकोलच्या पेट्यांचा ढीग असायचा. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली, धाकटा भाऊ विक्रीच्या कामात मुरलेला, आणि जेल पॅक मोजून भरायला वहिनी. बाहेरून येणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे एखादं ठरावीक प्रथिन शोधून त्याला चिकटणारी प्रथिनं, उतरवून घ्यायच्या आणि गारवा टिकून आहे तोवर प्रयोगशाळांमध्ये पोहोचवायच्या, एवढंच तेव्हा काम होतं. मे महिन्यात बडोद्याचं ऊन चाळिशीच्या पुढे जातं. भाऊ पहाटेच स्टेशनवर जाऊन उभा राहायचा.

बाबांची सगळी नोकरी औषध कारखान्यात गेली. अलेम्बिक १९०७ साली सुरू झाली, तेव्हापासून या शहराला औषधनिर्मितीची सवय आहे. घरी जेवताना बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे : बॅच बदलली तरी औषध बदलता कामा नये. हे वाक्य पुढे आमचा धंदाच बदलून टाकेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमच्याकडून टॉम२० या प्रथिनाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी घेणारी एक पीएचडीची विद्यार्थिनी एके दिवशी दोन ब्लॉट घेऊन आली. ब्लॉट म्हणजे जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं कागदासारख्या मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीनं हवं ते शोधायचं; ती चिकटते तिथे पट्टी, म्हणजे बँड, दिसतो. जुन्या लॉटचा, म्हणजे आधीच्या खेपेचा, बँड १६ किलोडाल्टनला, टॉम२० च्या वजनाच्या जागी, स्वच्छ. नव्या लॉटमध्ये तो फिकट आणि वर आणखी दोन अनोळखी बँड. दोन वर्षांचं तिचं काम या अँटिबॉडीवर उभं होतं. आम्ही उत्पादकाला लिहिलं. उत्तर आलं की ससा बदलला आहे, थोडा फरक पडणारच. ते खोटं नव्हतं. पॉलिक्लोनल म्हणजे एका सशाच्या रक्तातलं शेकडो अँटिबॉडींचं मिश्रण. तो ससा गेला की ते मिश्रणही गेलं. पण त्या मुलीला मी काय सांगणार होते? तिला पैसे परत केले. वर्षं कुठून परत करणार?

टॉम२० हे मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या पडद्यावरचं १४५ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. मायटोकाँड्रियात हजाराहून जास्त प्रथिनं असतात आणि त्याच्या स्वतःच्या डीएनएमधून त्यांतली फक्त १३ बनतात. बाकीची बाहेर, पेशीद्रवात बनून आत यावी लागतात. त्यांतल्या बऱ्याच प्रथिनांच्या टोकावरची खूण ओळखून त्यांना आत घेण्याचं काम टॉम२० करतं. म्हणूनच ते संशोधकांना सतत लागतं : मायटोकाँड्रिया किती आहेत, जाळं अखंड आहे की तुटलंय, हे त्याच्यावरून दिसतं.

२०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी मागणी केली की अँटिबॉडी तिच्या जनुकीय क्रमावरून ओळखली जावी आणि रिकाँबिनंट पद्धतीनं, म्हणजे तिची जनुकं प्रयोगशाळेतल्या पेशींत घालून, बनावी. ते वाचून मी भावाला म्हटलं, आपण एक तरी अशी करून बघू. आईनं तिच्या नावावरची मुदत ठेव मोडून दिली.

मोनोक्लोनलचं, म्हणजे मिश्रणाऐवजी एकच अँटिबॉडी मिळवण्याचं, तंत्र १९७५ चं, कोलर आणि मिलस्टाइन यांचं, पण ते उंदराच्या पेशींवर बसलेलं होतं. सशाची रोगप्रतिकार यंत्रणा उंदीर चुकवतो अशा जागाही पकडते, आणि सशाची अँटिबॉडी उंदराच्या ऊतींवर वापरली तर सेकंडरीचा, म्हणजे पहिली अँटिबॉडी दाखवून देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीचा, गोंधळ होत नाही. ससे आम्ही पाळत नाही. ते काम नोंदणी असलेल्या प्राणिगृहाकडे, नैतिकता समितीच्या मंजुरीनं होतं. सस्तन प्राण्यांमध्ये टॉम२० फारसं बदलत नाही, त्यामुळे सशाला ते परकं वाटणं अवघड. पहिल्या दोन सशांकडून हाती काही लागलं नाही. तिसऱ्याच्या एका बी पेशीतून, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीतून, अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळीची जनुकं वाचून घेतली, ती प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवली, प्लाझ्मिड माणसाच्या एचईके२९३ पेशींमध्ये घातलं. पाच-सहा दिवसांनी कल्चरचं द्रव अँटिबॉडी धरून ठेवणाऱ्या प्रोटीन ए कॉलममधून काढलं. आता ससा लागत नाही. क्रमाची छापील प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, आईच्या बांगड्यांशेजारी आहे.

पहिले चार ब्लॉट कोरे निघाले. अँटिबॉडीच वाईट म्हणून मी रडकुंडीला आले होते. मग मेम्ब्रेनच्या मागे दुसरं मेम्ब्रेन लावून पाहिलं तर बँड मागच्यावर. एवढं लहान प्रथिन ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांतून आरपार जात होतं. ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, १५ टक्क्यांचं जेल, कमी वेळ ट्रान्सफर : बँड आला. आजही ग्राहकाचा ‘काहीच दिसत नाही’ असा फोन आला की आम्ही आधी मेम्ब्रेन विचारतो.

पण बँड योग्य जागी आला म्हणजे तो टॉम२०चाच, असं होत नाही. एसआयआरएनएनं, म्हणजे एखादं जनुक दाबणाऱ्या छोट्या आरएनएनं, माणसाच्या हेला पेशींमधलं टॉम२० कमी केलं. बँड त्याच प्रमाणात फिका पडला, तेव्हाच माहितीपत्रक छापलं. पॅराफिन मेणात जपलेल्या ऊतींवर आमचे निकाल समाधानकारक नाहीत. तेही त्या पत्रकात पहिल्या पानावर लिहिलंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. कारेलीबागेतली आमची लॅब पहिल्या मजल्यावर, पण जिन्यात पाणी आणि दोन दिवस वीज नाही. इन्क्युबेटरमधल्या पेशी मेल्या. डीप फ्रीझरमधल्या कुप्यांत ५० टक्के ग्लिसरॉल होतं, बहुधा त्या चांगल्याच राहिल्या असतील. पण तापमानाची नोंद तुटली होती, म्हणून तो सगळा लॉट आम्ही टाकून दिला. भावाला ते जड गेलं. हिशेब त्याच्याकडे असतो. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीला वीज लागत नाही, तिच्यातल्या पेशी शाबूत होत्या. दिवाळीच्या आत त्याच प्लाझ्मिडपासून नवा लॉट काढला. जुना आणि नवा एकाच जेलवर, शेजारी शेजारी, अँटिबॉडी १:१००० पातळ करून चालवले. वहिनीनं फोटो पाहून विचारलं, यातला नवा कुठला? मला लेनचे आकडे बघूनच सांगता आलं.

सध्या सायटोक्रोम सी वर काम चालू आहे. पेशी मरणाच्या वाटेला लागली की ते मायटोकाँड्रियातून बाहेर पडतं. क्लोन, म्हणजे निवडीतल्या अँटिबॉडी, दोन उरलेत, निवड अजून झालेली नाही. टॉम२० चा १० मायक्रोलिटरचा नमुना कुठल्याही विद्यार्थ्याला आम्ही विनामूल्य देतो. ब्लॉट बिघडला तर त्याचाही फोटो पाठवा, सोबत मेम्ब्रेनचं माप लिहा.