ओकाऱ्या येतात, पण पडत काहीच नाही

रात्री साडेदहाला फोन आला. "डॉक्टर, जेवल्यापासून शेरूला सारख्या ओकाऱ्या येतायत, पण पडत काहीच नाही, नुसता फेस. पोटाला हिंग लावलाय. सकाळी आणू का?"

शेरू म्हणजे सात वर्षांचा ग्रेट डेन. मी म्हणालो, "सकाळ नको काका, आत्ताच्या आत्ता निघा."

दवाखान्यात तो स्वतःच्या पायांनी चालत आला. इथेच माणसं फसतात. हिरड्या पांढुरक्या, मांडीतली नाडी जेमतेम लागत होती आणि बरगड्यांमागे टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. जठराचं तोंडच पिळलं गेल्यावर ओकारी बाहेर पडणार कुठून? शिवाय फुगलेलं जठर पोटातली मोठी नीला दाबून धरतं, मागच्या अंगाचं रक्त हृदयाकडे परतत नाही. म्हणून सलाईन पुढच्याच पायांना लावायचं. दोन्हीकडे जाड कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायच्या नळ्या, लावले, उजव्या कुशीत जिथे सगळ्यात पोकळ वाजत होतं तिथे सुई घातली. फुस्स करून आंबूस हवा सुटली. मग उजव्या कुशीवर निजवून एक्स-रे: जठराचे दोन कप्पे, मधे घडी. शंकेला जागा नव्हती.

"हवा निघाली ना? मग ऑपरेशन कशाला?" काकांनी विचारलं.

"हवा निघाली काका, पीळ तसाच आहे. जठराचं रक्त तुटलंय."

त्यांनी सही केली.

पोट उघडल्यावर मी सगळ्यात आधी रंग बघतो. जठराची बाहेरची कड जांभळी होती, प्लीहा सुजून दुप्पट झालेली. पीळ सोडवला, नळीने जठर रिकामं केलं आणि थांबलो. त्या थांबण्याइतकं अवघड काही नसतं. काळा-हिरवा भाग राहिला असता तर तो कापावा लागला असता. हळूहळू गुलाबी रंग चढला. मग जठर उजवीकडे पोटाच्या भिंतीला टाक्यांनी पक्कं केलं. ते न करता पोट शिवलं, तर बहुतेक कुत्र्यांत पुन्हा पीळ पडतो.

दुसऱ्या दिवशी ईसीजीत जादा ठोके दिसू लागले. या आजारात ते बरेचदा येतात, म्हणून मॉनिटर काढलाच नव्हता. लिग्नोकेन सुरू केल्यावर ठोके ताळ्यावर आले. संध्याकाळी शेरूने माझ्या हातून चार घास खाल्ले.

काकांकडे शेरूची लहान मुलगीही आहे. तिच्या नसबंदीच्या वेळीच जठर टाचून घ्यायचं ठरलंय.