आमची वाटचाल : बार्जींच्या बुशांपासून कार्बाइडच्या तांब्यापर्यंत

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा वडिलांनी घेतला तो खाणींच्या भरवशावर. टिपरचे आणि मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जींचे गनमेटलचे (एक प्रकारचं कांसं) बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या नळ्या, कातायचे, पंपांचे शाफ्ट सरळ करायचे. पावसात खाणी थांबल्या की दुरुस्तीची झुंबड उडायची. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि ते काम आटलं. नंतर त्या सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. पण तोवर आम्ही त्यांची वाट बघणं सोडलं होतं.

हाताशी उरलं होतं वेर्ण्याकडच्या पत्राकाम करणाऱ्या कारखान्यांचं किरकोळ काम, म्हणजे स्पॉट वेल्डिंगच्या टिपा : दोन पत्रे दाबून, त्यांतून वीज सोडून ठिपक्यासारखे जोडणारी तांब्याची टोकं. क्रोमियम-झिर्कोनियम घातलेल्या तांब्याचा रॉड आणायचा आणि कातून द्यायचा. पैसा फारसा नव्हता, पण वापरलेल्या टिपा तोंड नीट करायला आमच्याकडेच यायच्या, त्यामुळे त्या कशाने मरतात ते रोज दिसायचं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर चाललेल्या टिपेचं तोंड पिवळं पडलेलं असतं, कारण पत्र्यावरचं जस्त तांब्यात शिरून तिथल्या तिथे पितळ तयार होतं. वर उष्णतेने ते तोंड पसरून चपटं होतं. टिपेचा क्रोमियम-झिर्कोनियमचा तांबा 500 अंशांच्या आसपास नरम पडतो आणि टिपेच्या तोंडाशी काम त्याहून जास्त तापमानाला चालतं.

नरम न पडणारं काहीतरी तांब्यात अडकवायला हवं होतं. आम्ही टंगस्टन कार्बाइड, म्हणजे टंगस्टन आणि कार्बनचं अतिशय कठीण संयुग, धरलं. भट्टीत ओतून ते जमत नाही. तांबं 1085 अंशांना वितळतं, कार्बाइड तेवढ्याला ढिम्म हलत नाही. शिवाय ते तांब्याच्या जवळजवळ पावणेदोनपट जड, त्यामुळे तळाशी बसतं. उरला मार्ग दळण्याचा. मेकॅनिकल अलॉयिंग, म्हणजे न वितळवता भुकट्या एकत्र दळून मिश्रधातू करणं, ही पद्धत जॉन बेंजामिन यांनी 1960 च्या दशकात इन्को कंपनीत निकेलच्या मिश्रधातूंसाठी काढली. कर्जासाठी गेलो तेव्हा एका बँकेच्या साहेबांनी बॉल मिलचं (गोळ्यांनी भुकटी दळणारं यंत्र) कोटेशन वाचून विचारलं, ‘पिठाची गिरण एवढी महाग?’ कर्ज दुसरीकडून झालं.

दळताना भुकटीच्या दसपट वजनाचे गोळे घालतो. दोन गोळ्यांमध्ये सापडलेला तांब्याचा कण चपटा होतो, शेजारच्या कणाला थंडच जोडला जातो, कडक होऊन तुटतो, पुन्हा जुळतो. दर जुळणीला थोडं कार्बाइड पापुद्र्यांमध्ये अडकतं. सुरुवातीला भांडं उघडलं तर आत चकचकीत तांबूस पापुद्रे दिसतात. काही तासांनी तेच करड्या-तपकिरी दाण्यांसारखे होतात. तांबं भांड्याला चिकटून बसू नये म्हणून किंचित स्टिअरिक ॲसिड घालावं लागतं.

गिऱ्हाईक विचारतं ते कडकपणाबद्दल. खरं सांगायचं तर कडकपणा आणणं हे या धंद्यातलं सोपं काम. वीज वाहती ठेवणं अवघड. पोलादी गोळे स्वस्त असतात, पण त्यांची झीज मालात उतरते आणि तांब्यात विरघळलेलं थोडंसं लोखंडही वहनाच्या मुळावर येतं. म्हणून आमचे गोळे आणि भांड्याचं अस्तर दोन्ही टंगस्टन कार्बाइडचं. झिजलं तर जे घालायचंच आहे तेच पडतं. गोळ्यांतलं कार्बाइड बांधून ठेवणारा थोडा कोबाल्ट येतो, तो हिशेबात धरतो. ‘वीस टक्के कार्बाइड घाला’ असं कोणी म्हणालं की आधी विचारतो, वजनाने की आकारमानाने? वजनाने वीस म्हणजे आकारमानाने जेमतेम साडेबारा.

आणि मग गोव्याची हवा. मिरगापासून चवथीपर्यंत ती आमची खरी वैरीण. ताजी दळलेली भुकटी ऑक्सिजनवर टपलेलीच असते, भांडं एकदम उघडलं तर पेटूही शकते. ते आम्ही आरगॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या पेटीत, हातमोज्यांतून उघडतो आणि हवा अगदी हळू लागू देतो. ऑक्साइड शिल्लक राहिला तर हायड्रोजनच्या भट्टीत त्यातल्या ऑक्सिजनची पाण्याची वाफ होते. छिद्रं आधीच मिटलेली असली तर ती आत कोंडते आणि दाबलेली गोटी फुगते. म्हणून भुकटी आधी मंद आचेवर हायड्रोजनमध्ये सावकाश शेकायची. त्याने ती नरमही पडते, नाहीतर दाबात नीट बसत नाही. त्यानंतर प्रेस आणि मग तांब्याच्या वितळबिंदूखाली सिंटरिंग, म्हणजे तापवून कण एकमेकांना जोडणं. मिलवरचा आमचा माणूस सकाळी भिंतीवरचा आर्द्रतामापक बघतो आणि तिथूनच ओरडतो, ‘पात्रांव (मालक), आज पावडर नको!’ त्या दिवशी लेथ चालतात.

आज वेल्डिंगच्या टिपांबरोबर साचे बनवणाऱ्यांसाठी स्पार्क मशीनचे (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं यंत्र) इलेक्ट्रोडही करतो. जगातलं 80 टक्क्यांहून अधिक टंगस्टन चीनमध्ये निघतं, तेव्हा भाव आमच्या हातात नाहीत. त्यामुळे टीप पूर्ण कार्बाइडच्या तांब्याची करत नाही. तोंडाशी तेवढी गोटी बसवतो, मागचा भाग क्रोमियम-झिर्कोनियमचाच.

टिपा हव्या असतील तर ड्रॉइंगसोबत वापरून संपलेली एक टीप पाठवा, आणि ती घासू नका. तोंड पिवळं आहे, खड्डे पडलेत की नुसतं पसरलंय, यावरून किती कार्बाइड घालायचं ते ठरतं. साधा, बिनजस्ताचा पत्रा जोडत असाल तर आमची गोटी बहुधा महाग पडेल. त्यासाठी नेहमीची टीप आम्ही आजही कातून देतो.