चौदा हिरव्या टेस्ट, त्यातली एक थापाडी

मागच्या वेळी छाती फुगवून लिहिलं होतं की कॅसेटवाल्या स्क्रिप्टच्या (कॅसेटच्या फाइली एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामकडे देणारा, पर्ल भाषेतला माझा छोटा प्रोग्राम) चौदाही टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झाल्या. शब्द मागे घेतो.

रविवारी ठाणे-वाशी लोकलमध्ये (मेगाब्लॉक नव्हता, हेच नवल) लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. ऐरोलीला नमुन्याची वेव्ह फाइल चुकून उडवली. तरी 'एसटीडीईआरआर (चुकांचे संदेश जिथे पडतात ती वाट) रिकामा हवा' ही टेस्ट पास! स्क्रीनवर मात्र एफएफएमपेग 'नो सच फाइल' म्हणून बोंबलत होता.

रबाळे ते कोपरखैरणे डोकं खाजवण्यात गेलं. टेस्टमध्ये मी एसटीडीईआरआर 'लोकल' (तात्पुरता वेगळा) करून एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मेमरीतल्या मजकुरात, उघडला होता. पर्लचा स्वतःचा वॉर्न (इशारा) त्यात नीट पडतो. पण स्ट्रिंगचं ते हँडल (लिहिण्यासाठी उघडलेलं दार) फक्त पर्लच्या पोटात असतं. फाइलनो, म्हणजे दाराचा खरा नंबर (डिस्क्रिप्टर), विचारलं तर उणे एक, म्हणजे नंबरच नाही. 'सिस्टिम' या कमांडने सोडलेलं पोर (इथे एफएफएमपेग) चुका डिस्क्रिप्टर २ वर लिहितं, आणि तो अजून टर्मिनललाच जोडलेला. म्हणजे माझी स्ट्रिंग रिकामीच राहणार, आणि मी रिकामेपणच तपासत होतो! सिस्टिमचं रिटर्न व्हॅल्यूही (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) बघत नव्हतो, ते पाप वेगळं.

हाताने डिस्क्रिप्टर डुप करून (त्याची प्रत काढून) टेम्प फाइलकडे वळवून पाहिला. चाललं, पण परत जागेवर आणायला अकरा ओळी, आणि मध्येच डाय झालं (प्रोग्राम चुकीमुळे थांबला) की सगळा घोळ. शेवटी कॅप्चर टायनी हे पर्लचं तयार मॉड्यूल घेतलं. ब्लॉकमध्ये सिस्टिम टाका. आउटपुट, एरर आणि रिटर्न व्हॅल्यू तिन्ही हातात. ब्लॉकनंतरचा सेमीकोलन विसरू नका, माझी वीस मिनिटं त्यातच गेली. टेस्ट मोअरची (टेस्ट चालवणाऱ्या मॉड्यूलची) चिंता नको, त्याने मूळ आउटपुटची प्रत आधीच काढून ठेवलेली असते. उबुंटूच्या पॅकेजमधलंच पुरलं, एवढ्यासाठी सीपॅनच्या (पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन भांडाराच्या) वाटेला कशाला जायचं!

फाइल परत ठेवली, तर आता टेस्ट लाल. बरोबरच आहे: एफएफएमपेग सगळं काम ठीक झालं तरी आपली बडबड एसटीडीईआरआरवरच करतो. लॉगलेव्हल (किती बोलायचं ते ठरवणारा पर्याय) एररवर, म्हणजे फक्त चुकांवर, आणला तेव्हा गप्प बसला. मग फाइल पुन्हा उडवली. लाल! एवढा आनंद हिरव्याचाही झाला नव्हता.

एक खडा उरलाय. 'नाट्यपद-०७' हे नाव एररमध्ये कच्च्या बाइट्सच्या रूपात येतं, लाइक या मजकूर जुळवून बघणाऱ्या टेस्टला जुळत नाही. आधी डीकोड करावं (बाइट्सची पुन्हा अक्षरं करावी) लागेल.

ते आज रात्री करणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, टेस्टला खरा एफएफएमपेग हवाच कशाला? त्याच नावाची चार ओळींची नकली स्क्रिप्ट पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पुढे ठेवतो, हवी ती शिवी हवी तेव्हा देईल. डीकोड उद्या.