शिकवण्याची फेलोशिप: अर्जापासून निवडीपर्यंतचा माझा अनुभव

संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात माझ्या वर्गातील बहुतेकांची दिशा ठरलेली होती, कोणी एम.एस्सी.चे अर्ज भरत होते, कोणी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला लागले होते. मला शिकवायचे होते, परंतु बी.एड.ला प्रवेश घेण्यापूर्वी एका वर्गाची पूर्ण जबाबदारी घेऊन हे काम आपल्याला झेपते का, हे पाहण्याची इच्छा होती. म्हणून नव्या पदवीधरांना पूर्णवेळ सामाजिक काम देणाऱ्या फेलोशिपची माहिती मी मिळवू लागले.

बाहेरून हे सगळे उपक्रम सारखेच दिसतात, पण त्यांतले रोजचे काम फार वेगळे असते आणि निवड करताना तेच पाहायला हवे, असे माझे ठाम मत आहे. 2008 साली सुरू झालेल्या गांधी फेलोशिपमध्ये दोन वर्षे प्रामुख्याने सरकारी शाळांचे मुख्याध्यापक आणि शिक्षण यंत्रणा यांच्यासोबत काम असते. स्टेट बँकेची ‘यूथ फॉर इंडिया’ ही 13 महिन्यांची फेलोशिप ग्रामीण भागातील असून तेथे एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने पाणी, आरोग्य, उपजीविका किंवा शिक्षण अशा विषयावर स्वतःचा प्रकल्प उभा करावा लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा मुख्यतः शिबिरांचा उपक्रम आहे आणि आपण कोणत्या सामाजिक प्रश्नावर काम करावे, याचा शोध घेणाऱ्या तरुणांना तो फार उपयोगी पडतो. मला मात्र मुलांसमोर रोज उभे राहायचे होते. त्यामुळे 2009 मध्ये मुंबई आणि पुणे येथे पहिली तुकडी घेऊन सुरू झालेल्या ‘टीच फॉर इंडिया’कडे मी वळले, कारण तेथे फेलो दोन वर्षे एका वर्गाचा शिक्षक म्हणून काम करतो आणि त्यासाठी बी.एड.ची अट नसते.

पहिला टप्पा ऑनलाइन अर्जाचा होता. शिक्षण, अनुभव ही माहिती भरणे सोपे असते. खरा वेळ जातो तो निबंधवजा प्रश्नांमध्ये. समाजाचे ऋण, देशाचे भवितव्य असे शब्द मी जाणीवपूर्वक टाळले, कारण ते कोणीही लिहू शकतो आणि त्यांतून अर्जदाराविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी वसतिगृहातील कनिष्ठ मैत्रिणींना मी संभाव्यता शिकवत असे, त्यांतील एकीला सूत्रे पाठ असूनही उदाहरण सुटत नव्हते आणि तिच्यासाठी मी पद्धत कशी बदलली, एवढाच प्रसंग सविस्तर लिहिला. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आणि या फेलोंचे वर्ग बहुतांशी इंग्रजी माध्यमाचे, त्यामुळे भाषेची धाकधूक होती. ज्यांना हीच भीती वाटते त्यांना मी आवर्जून सांगेन की छोटी, सरळ वाक्ये लिहावीत आणि अलंकारिक इंग्रजीच्या मागे लागू नये.

यापुढचा टप्पा प्रत्यक्ष मूल्यमापनाचा, आणि त्यात सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पाच मिनिटांचा नमुना पाठ. इतर उमेदवार विद्यार्थी होऊन बसतात आणि आपण त्यांना शिकवायचे असते. पाच मिनिटांत फार तर एकच गोष्ट नीट शिकवता येते. मी अपूर्णांकांची तुलना निवडली: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? चार हा आकडा तीनपेक्षा मोठा असल्यामुळे एक चतुर्थांश मोठा, असे उत्तर पुष्कळ मुले देतात, आणि ‘अंश समान असल्यास ज्याचा छेद लहान तो अपूर्णांक मोठा’ हा नियम घोकूनही तो समज मनातून जात नाही. म्हणून मी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या नेल्या, एकीचे तीन आणि दुसरीचे चार समान भाग होतील अशा घड्या घालायला लावल्या आणि एकेक भाग शेजारी ठेवून पाहायला सांगितले. विद्यार्थ्याच्या भूमिकेतील एका उमेदवाराने तरीही चुकीचे उत्तर दिले, तेव्हा ते लगेच दुरुस्त न करता त्याने तसा विचार का केला, हे मी विचारले आणि त्याच्याच पट्टीवर त्याला उत्तर शोधू दिले.

या पाठाच्या तयारीने शिकवण्याविषयीची माझी समजच बदलली. आपण काय बोलणार, यापेक्षा पाचव्या मिनिटाला प्रत्येकाला काय कळले, हे कसे तपासणार, याचा विचार आधी करावा लागतो. ‘समजले का?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो; त्यातून काहीच कळत नाही. मी शेवटी एक पंचमांश आणि एक षष्ठांश यांपैकी मोठा कोणता, हे सर्वांना वहीत लिहून एकाच वेळी वर धरायला सांगितले. मुलांना कितपत वाचता येते, गणित येते, हे तपासणाऱ्या ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ 20.5 टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता, पण शाळेत नियमित येणारे मूलही मागे कसे राहते, हे त्या तयारीच्या निमित्ताने मला प्रथमच उमगले.

गटचर्चेबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. इतरांचे ऐकून त्यांच्या मुद्द्यात भर घालणे पुरेसे असते. वैयक्तिक मुलाखत मात्र कसून झाली. बरेच महिने प्रयत्न करूनही वर्गाची प्रगती झाली नाही तर काय कराल, पालक तुमच्याशी सहमत नसतील तर काय कराल, घरचे दोन वर्षांसाठी तयार आहेत का, अशा प्रश्नांचा रोख आपण अडचणीत टिकून राहू का, हे पाहण्याचा होता. घरच्यांशी मी आधीच मोकळेपणाने बोलले होते: दरमहा मानधन किती मिळेल, ते शहरातील भाड्याला पुरेल का, दोन वर्षांनंतर पुढे काय, हे सारे कागदावर मांडून. आईबाबांची काळजी रास्त होती आणि तिला उत्तर देणे हा या प्रक्रियेचाच भाग आहे, असे मी मानते. निवड कळल्यानंतर अंतिम वर्षाची गुणपत्रिका आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र वेळेत मिळवण्यासाठी विद्यापीठात पाठपुरावा करावा लागतो, तेवढी सवड हाताशी ठेवावी.

एक गोष्ट अर्ज करण्यापूर्वीच स्पष्ट असावी. फेलोशिपचा अनुभव कितीही समृद्ध असला तरी शासकीय किंवा अनुदानित शाळेतील कायम नोकरीसाठी तो व्यावसायिक पात्रतेची जागा घेत नाही. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचे झाले आहे. शिवाय पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि ऑगस्ट 2023 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता चालत नाही, तेथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. मला सहावी ते आठवीला गणित शिकवायचे असल्यामुळे फेलोशिपनंतर बी.एड. आणि मग पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर असा क्रम मी ठरवला आहे, आणि घरच्यांनीही तो मान्य केला आहे.