कर्ज फेडायचंय? चहा नंतर सोडा, आधी कार्ड सोडा

कर्जात असलेल्या माणसाला लोक सगळ्यात आधी काय सांगतात, तर बाहेरचा चहा बंद कर, वडापाव बंद कर, रिक्षा सोडून चालत जा. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो पण मला हा सल्ला कधीच पटला नाही. १५ रुपयांचा चहा महिन्यातले कामाचे पंचवीस दिवस नाही प्यायला तर वाचून वाचून किती वाचणार, पावणेचारशे. आणि तिकडे क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन हजारांच्या वर नुसतं व्याज चढत असेल तर त्या पावणेचारशेचं काय घेऊन बसलात!

आमच्यावर कर्ज झालं ते सासऱ्यांच्या बायपासमुळे. मेडिक्लेमची रक्कम संपली, उरलेलं बिल काही कार्डावर गेलं, काही पर्सनल लोन काढलं आणि काही नवऱ्याच्या ऑफिसच्या पतपेढीतून उचललं. त्याची खंत अजिबात नाही, बाबा आज रोज सकाळी डोंबिवलीच्या जिमखान्यापर्यंत फिरून येतात यापेक्षा मोठं काय. पण कर्ज अंगावर असताना घरातल्या जुन्या सवयी तशाच चालू राहिल्या तर ते फिटत नाही, नुसतं फिरत राहतं, आणि कुठली सवय किती महाग पडते हे कळायला स्टेटमेंट हातात घेऊन बसावंच लागतं.

कार्डाचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. समजा ८०,००० थकलेत. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२. महिन्याचं व्याज झालं २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५०४, एकूण ३,३०४. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, साधारण ५ टक्के धरला तर तुम्ही भरणार ४,०००. म्हणजे मुद्दलातून कमी झाले फक्त ६९६ रुपये. चार हजार खिशातून गेले आणि कर्ज सातशेनेही हललं नाही! आणि मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही म्हणून माणसाला वाटतं आपण वेळेवर भरतोय.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे आणि ती चांगल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. कार्डावर ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात ना, ते फक्त आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. मागची बाकी पुढे ढकलली की ती सवलत गेली, मग नव्या प्रत्येक खरेदीवर त्या दिवसापासून व्याज. म्हणजे आज कार्डावर घेतलेलं दूध, पेट्रोल, मुलाच्या वह्या, सगळं ४२ टक्क्यांनी उधार. नवरा म्हणायचा "अगं पण पॉइंट मिळतात ना", मी म्हटलं अरे टक्का दीड टक्क्याचे पॉइंट मिळवायला महिन्याला साडेतीन टक्के आणि वर जीएसटी कोण देतं? त्या दिवसापासून किराणा आणि पेट्रोल कार्डावरून बंद.

पण नुसतं ठरवून होत नाही, हात सवयीने तिकडेच जातो. म्हणून कार्ड जिथे जिथे सेव्ह होतं तिथून काढून टाकलं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून दुकानदार वेबसाइट पूर्ण कार्ड नंबर ठेवू शकत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी चालणारा एक कोड असतो, ते टोकन आपल्याला डिलीट करता येतं. मग प्रत्येक वेळी १६ आकडे टाइप करायला उठून कपाटातून कार्ड आणावं लागतं आणि तेवढ्यात निम्म्या गोष्टी नकोशा होतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही काढा, कारण मग भाजीवाल्याकडचा क्यूआर स्कॅन करतानाही आपण कर्जच काढत असतो आणि लक्षात येत नाही. ऑटोपे मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची यादी पण यूपीआय अॅपमधे जाऊन बघा, १५,००० पर्यंत दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही त्यामुळे न बघितलेल्या ओटीटीचे पैसे गुपचूप जात राहतात. कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो खरा पण ते मेसेज वाचतं कोण.

नो कॉस्ट ईएमआयचंही, म्हणजे बिनव्याजी म्हणून मिळणाऱ्या हप्त्यांचंही तसंच. व्याजाएवढी सूट देतात हे खरं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच माथी असतो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम छोटी असते, मला राग त्याचा नाही. पुढचे नऊ-बारा महिने पगार आधीच कुणाला तरी देऊन ठेवलेला असतो आणि नेमक्या त्या पैशांची कर्ज फेडायला गरज असते.

आता जेवण. नोकरी करणाऱ्या घरात बरेच पैसे इथे जातात आणि यात चैन कमी, दमणूक जास्त असते. आठ वाजता गर्दीतून उतरून घरी आलं की अॅप उघडलं जातं, कारण ओट्यापाशी उभं राहायची ताकदच नसते. तिथे "घरचं खा" असं सांगून काही होत नाही, त्या आठ वाजताची सोय आधी करून ठेवावी लागते. रविवारी मी खोबरं-कांद्याचं वाटण भाजून वाटून डब्यात फ्रीजरला टाकते, मटकीला मोड आणून ठेवते, भाजणीचा डबा कायम भरलेला. थालीपीठ पंधरा मिनिटांत तव्यावरून ताटात येतं, ऑर्डर यायला त्याहून वेळ लागतो. आणि पोळ्या मी सरळ स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रातून घेते. आईंना आधी हे पटलं नाही, कर्ज आहे आणि विकतच्या पोळ्या? पण पोळ्या तयार असल्या की बाहेरून मागवलंच जात नाही आणि त्या एका ऑर्डरवर डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी धरून जे जातात त्यात घरच्या कितीतरी दिवसांच्या पोळ्या येतात. सगळंच तोडायला गेलं की माणूस दोन आठवड्यांत वैतागतो आणि मग दुप्पट खर्च करतो, म्हणून असा वाचवणारा खर्च मी कधीच कापणार नाही.

सगळ्यात अवघड मात्र लोकांना सांगणं. सोसायटीतल्या भिशीचं दर महिन्याचं हॉटेलातलं जेवण, भाचीच्या बारशाचा आहेर, दिवाळीत सगळ्यांना कपडे. मी भिशीत स्पष्ट सांगितलं की या वर्षी मी नाही, घरात कर्ज आहे. एक मिनिट शांतता झाली आणि मग दोघीजणींनी नंतर जिन्यात गाठून विचारलं की तू कार्डाचं नेमकं काय केलंस.

त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. बँकेला फोन करून थकबाकी ईएमआयमधे बदलून मागा, व्याज एकदम निम्म्यावर किंवा त्याखाली येऊ शकतं. ७ टक्क्यांची एफडी अडीअडचणीला म्हणून जपून ठेवली असेल आणि शेजारी ४२ टक्क्यांचं कार्ड चालू असेल, तर अडीअडचण हीच आहे, थोडी हाताशी ठेवून बाकीची मोडा. आणि सेटलमेंटचा, म्हणजे थोडे पैसे भरून खातं मिटवा असं सांगणारा फोन आला तर लगेच हो म्हणू नका, पैसे कमी भरावे लागतात पण क्रेडिट रिपोर्टवर सेटल्ड असा शेरा बसतो आणि पुढे होम लोन घेताना तो आडवा येतो.

बाकी शून्य झाली की कार्ड बंद करायचा अर्ज लेखी किंवा मेलवर द्या. आरबीआयच्या नियमाप्रमाणे सगळे पैसे चुकते असतील तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. आमचं कार्ड आता संपत आलंय. पुढे पर्सनल लोन की पतपेढी यावर घरात रोज चर्चा चालते. व्याज बघितलं तर पर्सनल लोन आधी फेडायला हवं, पण पतपेढीच्या कर्जाला नवऱ्याचे दोन सहकारी जामीन राहिलेत, आणि तो म्हणतो त्यांच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवू. आकडे माझ्या बाजूने आहेत, तरी मला त्याचंच पटायला लागलंय.