गाडीतला तरवा

नवी गाडी अक्षय तृतीयेला घरी आली आणि जूनच्या मध्यावर तिच्यात भात रुजलं. अतिशयोक्ती नाही, खरंखुरं भात. झालं असं की मेच्या शेवटी कर्जत ३ जातीचं भाताचं बियाणं आणलं होतं, पिशवी कोपऱ्यात उसवलेली, ती ठेवली पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी, मूठभर दाणे सांडून मॅटखाली गेले असणार. मग एक दिवस आई शृंगारतळीच्या बाजाराला जायला पुढे बसली, चपला काढून हातात घेतल्या (नवीन गाडी आहे ना, चपला काढल्याशिवाय ती अजूनही बसत नाही), पाय खाली टेकवला आणि शांतपणे म्हणाली, "अरे, तुझ्या गाडीत तरवा उतरलाय."

जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी, तरवा म्हणजे लावणीच्या आधी पेरून ठेवतात ती भाताची रोपं. मॅट उचलली तर बोटभर उंचीची हिरवीपिवळी दहाबारा पाती, कार्पेटमध्ये मुळं धरून. कार्पेट दाबलं तर पाणी वर आलं. लादी पुसायचं फडकं दाबल्यावर येतं ना, तसं.

आता तुम्ही म्हणाल एवढं पाणी साठेपर्यंत काय झोपला होतास काय. तर इथेच गोम आहे. गुहागरच्या बाजूला मृगानंतर कोरडं असं काही राहतच नाही. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या बेल्टला हिरवी बुरशी धरते, पापड तळायच्या आधीच वातड. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. अशा ठिकाणी गाडीत कुबट वास यायला लागला तर माणूस छत्रीला दोष देतो, स्वतःच्या सॉक्सला देतो, मी तर आठवडाभर परवा आणलेल्या सुक्या बांगड्यांवर संशय घेत होतो. काचा आतून धुरकट व्हायच्या तेव्हा वाटायचं पावसाळा आहे, होणारच. पुण्यात असतो तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. जो येईल तो दार उघडून वाकून बघून जायचा, मुलं तर शाळेतून येताना बघायला थांबायची. आणि निम्म्या लोकांचा एकच प्रश्न, "पुरातली गाडी गळ्यात मारली काय रे तुझ्या?" २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हापासून आमच्याकडे गाडी घेताना हा प्रश्न पत्रिका बघितल्यासारखा विचारला जातो. मीही मग घाबरून सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघितले कारण पुरात बुडालेल्या गाडीच्या सीटबेल्टमध्ये आत गाळाची रेघ राहते, वरवर कितीही धुतलं तरी, स्टेपनीच्या खड्ड्यातही चिखल मिळतो. माझ्या गाडीत तसं काही नव्हतं. गाडी नवीकोरीच होती. नवीकोरी आणि गळकी.

सर्व्हिस सेंटर हायवेला, घरापासून पन्नासेक किलोमीटर. मार्गताम्हाण्यापर्यंत खड्डे चुकवत जायचं आणि तिथून पुढे नुसतेच चुकवत जायचं. पहिल्या फेरीला तिथल्या अ‍ॅडव्हायझरने वाकून एकदा बघितलं आणि म्हणाला, "सर, एसीचं पाणी आहे, नॉर्मल आहे." एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली की ते पायाशी येतं हे खरं आहे, आमच्या दमट हवेत तर एसी भांडंभर पाणी सहज काढतो. पण मी म्हटलं अहो रात्रभर गाडी बंद होती आणि सकाळी पाणी वाढलं होतं. तो म्हणाला, चेक करतो सर. नळीत हवा मारली, गाडी धुऊन दिली, म्हणजे गळक्या गाडीवर आणखी पाणी मारून दिलं. तरव्याकडे बोट दाखवलं तर तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "हे बाहेरून आलंय सर, हे वॉरंटीत नाही येणार."

दुसरी फेरी आर्द्रा नक्षत्रात. या वेळी निदान वेगळं, पुढच्या काचेच्या कडेने येतंय. म्हणून सिलिकॉन लावलं. लावलं म्हणजे थापलं, काचेच्या एका कडेला काळी वळवळीत रेघ, लहान मुलाने काजळ लावून घ्यावं तशी. वर सल्ला, गाडी झाडाखाली लावत जाऊ नका, वायपरच्या खालच्या जाळीत पाला अडकतो. सल्ला चुकीचा नाही, त्या जाळीखालूनच पाणी बाहेर जातं आणि ती भोकं तुंबली तर पाणी आत घुसतं. पण झाडाखाली नको म्हणजे लावू कुठे? आमच्याकडे झाड नाही अशी जागा एकच, समुद्र. जॉब कार्डवर लिहिलं, वॉटर टेस्ट केली, प्रॉब्लेम आढळला नाही. मी विचारलं टेस्ट किती वेळ केली? तर वॉशिंग बेवर पाच मिनिटं पाणी मारलं म्हणे. पाच मिनिटं! आमच्या पावसाला पाच मिनिटांत सुरुवातसुद्धा होत नाही, तो आधी समुद्रावरून नुसता आवाज पाठवतो.

घरी पोचायच्या आत फोन, सर फीडबॅकसाठी कॉल येईल, दहापैकी दहा द्या प्लीज, नाहीतर माझ्या पगारातून जातं. द्यायला नको होते. दिले.

तिसऱ्या वेळी गाडी आठ दिवस ठेवून घेतली. सीट काढल्या, कार्पेट वाळवलं, दोन दारांची रबरं बदलली, आणि गाडी परत आली ती खुळखुळत. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी एक क्लिप सुटी पडलेली, वळणावर इकडून तिकडे जाते, अजून जाते. पण कोरडी होती! चार दिवस ठणठणीत कोरडी, मी सगळ्यांना सांगत सुटलो झालं बुवा काम. मग लक्षात आलं की चार दिवस पावसानेच उघडीप दिली होती. तरणा पाऊस (म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा) लागला त्या रात्री मॅटखाली हात घातला आणि हाताला ते ओळखीचं थंडगार लागलं. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

आमचं घर कौलारू आहे. माझ्या लहानपणी माजघरात पलंगाच्या बरोब्बर वर गळायचं आणि दरवर्षी कोणीतरी उत्साही पाहुणा वर चढून पलंगाच्या वरचं कौल बदलायचा आणि ते तरीही गळायचं. कौलं चाळायला एक आजोबा यायचे, ते आधी चढायचेच नाहीत. पाऊस असताना यायचे, पलंगावर उताणे पडायचे, आणि विडी ओढत वर बघत बसायचे. आईला वाटायचं काम टाळतायत. तासाभराने उठायचे आणि पलंगापासून पार सात-आठ हात लांब, आढ्याजवळचं एक कौल दाखवायचे, त्याला केसाएवढी चीर. पाणी तिथून शिरायचं, वाशावरून घरंगळत यायचं, वाशाला गाठ आहे तिथे अडायचं आणि खाली पडायचं. म्हणजे ठिबकतं तिथे भोक नसतंच. हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत होतं आणि तरी तीन फेऱ्या मी सर्व्हिस सेंटरवाल्यांबरोबर ओल्या कार्पेटकडेच बघत उभा होतो, याचा जास्त राग आला.

मग रविवारी आम्हीच बसलो. नारळांना पाणी घालायचा पाइप, टॉर्च, आणि जुने पेपर. मॅट काढून, होतं नव्हतं ते पाणी टॉवेलने टिपून (अर्धी बादली भरली, खोटं नाही) पायाशी पेपर पसरले. बायको आत टॉर्च घेऊन बसली, मी बाहेर. खालून सुरुवात करायची, हे महत्त्वाचं, एकदम टपावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून येतं आणि काहीच कळत नाही. आधी नुसतं दार, दहा मिनिटं. पेपर कोरडा. दारांच्या आत पॅनलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो फाटला तरी पाणी येतं, पण इथे ते नव्हतं. मग काचेखालची जाळी. कोरडा. मग काच. कोरडा, म्हणजे ते सिलिकॉन फुकटच. बायको आतून ओरडली, "अहो, मला आत घाम आलाय, तोच पडतोय पेपरवर." शेवटी टप. आणि तीन-चार मिनिटांत पेपरचा कोपरा काळा पडायला लागला.

टपाला आमच्या सनरूफ आहे. घेताना सेल्सवाल्याने सांगितलं होतं, सर हल्ली सगळे सनरूफच घेतात, रिसेलला बरं. पोरांनी हट्ट केला. आईने तेव्हाच विचारलं होतं की आम्ही जन्मभर छपराची भोकं बुजवत आलो आणि तू जास्तीचे पैसे देऊन पाडून घेतोयस? आम्ही सगळे हसलो होतो.

सनरूफबद्दल मला जे माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही ते हे, की ते पूर्ण पाणीबंद नसतंच, तशी अपेक्षाच नसते. रबर बरंचसं पाणी अडवतं, जे आत येतं ते खालच्या चौकटीतल्या पन्हळीत जमतं आणि पन्हळीच्या चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरून ते गाडीबाहेर सोडतात. म्हणजे शुद्ध आपल्या घराची वळचण. नळ्या मोकळ्या असल्या की तुम्हाला कधी कळतही नाही. काच सरकवून एकेका कोपऱ्यात मी तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. उजवा पुढचा कोपरा, चाकाच्या मागून धार बाहेर आली. मागचे दोन्ही, आली. डावा पुढचा कोपरा, तांब्या रिकामा झाला आणि गाडीखाली थेंब नाही. बायको आतून म्हणाली, "आलं, इकडे आलं."

आणि सर्व्हिस सेंटरला का सापडत नव्हतं तेही कळलं. तिथली फरशी सपाट. आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, उतरतं, गाडी नेहमी नाक खाली करून थोडी डाव्या अंगावर उभी असते, त्यामुळे टपावरचं सगळं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात.

चौथ्या फेरीला मी अ‍ॅडव्हायझरला सांगितलं की मी इथून हलणार नाही, माझ्यासमोर डाव्या खांबाचं कव्हर काढा. एव्हाना पुतण्याने मला शिकवून ठेवलं होतं की २०१९ चा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून लागू झालाय, त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावून बघायचा. मी तिन्ही जॉब कार्डं आणि तरव्याचे फोटो जोडून ईमेल टाकलेला होता. त्याचा परिणाम असेल की माझ्या चेहऱ्याचा, कव्हर निघालं. वीस मिनिटांचं काम, एका विशीतल्या पोराने केलं. आत नळी तोंडापासून सुटून लोंबत होती आणि तिच्या शेजारून, तिला ढकलून, एक काळी वायर गेलेली. डॅशकॅमची. डिलिव्हरीच्या दिवशी त्यांनीच भेट म्हणून बसवून दिलेल्या डॅशकॅमची!

पोरगा हळूच म्हणाला, "अ‍ॅक्सेसरीवाले वेगळे असतात दादा, आम्ही नाही." त्याच्यावर काय रागावणार. नळी परत बसवली, क्लिप मारली, मी आणलेल्या बाटलीने पाणी ओतलं, खाली धार लागली आणि आम्ही दोघंही मुतणाऱ्या पोराकडे बघावं तसे खूश होऊन बघत राहिलो. जॉब कार्डवर मात्र अ‍ॅडव्हायझरने लिहिलं, ड्रेन पाइप साफ केला. मी म्हटलं साफ नाही, सुटलेला जोडला असं लिहा. तो म्हणाला सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाहीये सर. मी म्हटलं मग पेनने लिहा. पेनने लिहायला पंधरा मिनिटं आणि दोन मॅनेजर लागले.

कार्पेटखालच्या फोमवरून आणखी महिनाभर चाललं. तो वरून वाळतो, आतून वाळत नाही, आणि त्याच्याच खालून वायरिंग जातं, कनेक्टर हिरवे पडायला लागले की आज काच खाली जात नाही, उद्या एअरबॅगचा दिवा लागतो. ते म्हणत पेड होईल, मी म्हणत होतो का म्हणून. शेवटी फुकट बदलून मिळाला, गणपतीच्या चार दिवस आधी. फीडबॅकचा फोन आला, या वेळी मी तीन दिले. दोन त्या पोराचे आणि एक सीट परत बसवल्या त्याचा.

जुना फोम आईने मागून आणायला लावला. गोठ्यात वासराखाली घातला, पण वासराने त्यावर बसायला साफ नकार दिला, वास त्यालाही आला असणार.

तरवा तिने पहिल्या फेरीनंतर लगेच अलगद उपटून करवंटीत मातीत लावला होता. मी म्हटलं टाक ना ते, तर म्हणाली रुजलेलं टाकू नये. लावणीच्या दिवशी अकरा काड्या निघाल्या, त्या तिने बांधाकडेच्या खाचराच्या कोपऱ्यात स्वतः रोवल्या, मला जागा दाखवून ठेवली. दसऱ्यानंतर कापणीला मी मुद्दाम आठवणीने त्या कोपऱ्यात गेलो, पण माणसं आधीच तिथून पुढे सरकली होती आणि सगळं भात एकाच भाऱ्यात बांधून झालं होतं.