तुम्ही विचारलंत म्हणून: मरीन सायन्सच्या डिग्रीला एवढा पैसा घालावा का?

"एवढी फी भरून मरीन सायन्स करावं का, आणि करायचंच तर कुठून?" हे मला सारखं विचारलं जातं, कधी मुलं विचारतात, पण जास्त करून आईवडील. म्हणून एकदा नीट लिहितेच.

सगळ्यात आधी, ब्रोशरमधली वर्षाची फी समोरासमोर ठेवून तुलना करू नका. फील्डवर्क त्या फीमध्ये आहे का ते विचारा. माझ्या कोर्सच्या फोटोंमध्ये सगळे पाण्याखाली दिसायचे आणि नंतर कळलं की डायव्हिंगचं ट्रेनिंग, मेडिकल, सूट, सगळं आपलं आपण करायचं, आणि ते काही थोडंथोडकं नव्हतं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

दुसरं, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जहाजावर किती दिवस मिळतात? मोठं संशोधन जहाज एक दिवस चालवायला हजारो डॉलर लागतात त्यामुळे पुष्कळ कोर्स किनाऱ्यावरच भागवतात. किनाराही खूप शिकवतो, ओहोटीला खडकांवर चौकट टाकून शंखशिंपले मोजताना सॅम्पलिंग म्हणजे काय ते हाताला कळतं. पण रात्री दोनच्या वॉचला (जहाजावरच्या पाळीला) सीटीडी, म्हणजे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं, पाणी भरून आणायच्या बाटल्या लावलेलं यंत्र, समुद्रातून वर येते, थंडीत एकेका बाटलीतून पाणी काढायचं, आधी ऑक्सिजनचं सॅम्पल कारण हवा लागली की आकडा बिघडतो, हे वर्गात बसून अंगात मुरत नाही. मी तरी दोन कोर्समध्ये निवडताना जहाजाचे दिवस देणाऱ्यालाच जास्त मार्क देईन.

आता जे ऐकून बरेच जण नाराज होतात ते. पदवीलाच मरीन बायोलॉजी घेण्यासाठी कर्ज काढू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी यातलं एक जवळच्या, परवडणाऱ्या कॉलेजात पक्कं करा, समुद्राकडे मास्टर्सला वळा. अमेरिकेतली वुड्स होल ही समुद्रसंशोधनाची 1930 पासूनची एवढी मोठी संस्था, पण तिथे बॅचलर्सची डिग्री मिळतच नाही, एमआयटीबरोबरचा तिचा जॉइंट प्रोग्राम 1968 पासून आहे तोही पदवीनंतरचाच. प्रवाह समजायला फिजिक्स लागतं, समुद्राची आम्लता समजायला केमिस्ट्री, आणि माशांचा साठा किती उरलाय हे काढायला स्टॅटिस्टिक्स. डॉल्फिनच्या ओढीने आलेल्या किती मुलांना मी तिथेच अडखळताना पाहिलंय, जीव तुटतो हो.

मास्टर्सला मात्र देशानुसार हिशोब पार बदलतो. जर्मनीत ब्रेमेन, कील इथल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचं छोटं शुल्क आणि राहण्याखाण्याचा खर्च. नॉर्वेतही पूर्वी फी नसायची, पण 2023 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना लागू झाली, तेव्हा जुन्या सीनियरने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. पीएचडीचं तर सरळ आहे, चांगल्या ठिकाणी फी माफ होते किंवा प्रोजेक्टमधून भरली जाते आणि वर स्टायपेंड किंवा पगार मिळतो, खिशातून पैसे घालायला सांगत असतील तर थांबा.

आणि फुकट मिळणारी एक गोष्ट कोणीच विचारत नाही. आर्गो या आंतरराष्ट्रीय समुद्र-निरीक्षण प्रकल्पाचे जवळजवळ 4000 फ्लोट, म्हणजे आपोआप खालीवर होणारी मोजमापाची यंत्रं, जगभरच्या समुद्रांत तरंगतायत, साधारण दर 10 दिवसांनी 2000 मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात आणि हा डेटा कोणालाही डाउनलोड करता येतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून त्यातला एक छोटा तुकडा समजून घेतलात तर अॅडमिशनच्या आधीच कळेल की हे काम आपल्याला आवडतंय का, नुसताच समुद्र आवडतोय.

फॉर्म भरण्याआधी विभागाला एक ईमेल करा, मागच्या पाच वर्षांतले विद्यार्थी आज काय काम करतात म्हणून. हायड्रोग्राफी (समुद्रतळाची मोजणी आणि नकाशे), ऑफशोअर विंडचे म्हणजे समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीचे सर्व्हे, मत्स्यसाठ्याचं काम, लॅब, अशी खरीखुरी यादी आली तर पुढे बोला. नुसतं "उज्ज्वल संधी" असं उत्तर आलं तेव्हा माझ्या भाचीला मी तिथे फॉर्म भरू दिला नव्हता.